घडीच्या सायकलीचे हँडल निवडताना

घडीच्या सायकलीचे हँडल बदलायचे मनात आले की आपण सहसा सायकल उभी करतो, सीटवर बसून मनगटे कुठे अवघडतात ते पाहतो आणि दुकानात जाऊन हातांना बरे वाटेल असे हँडल मागतो. साध्या सायकलीसाठी हा क्रम योग्य आहे. घडीच्या सायकलीसाठी मात्र तो उलटा करावा लागतो. सायकल आधी मिटवून जमिनीवर ठेवावी, मिटलेल्या अवस्थेत हँडल कुठे टेकते, कशाला घासते आणि भोवती किती मोकळी जागा उरते हे मोजावे, आणि त्या जागेत जी हँडले मावतील त्यांतूनच हातांना सोयीचे हँडल शोधावे.

हे मी अनुभवाने शिकलो. मी बडोदे ते आणंद असे रोजचे अपडाऊन करतो. सकाळी दांडिया बाजारातून कोठी आणि काळा घोडा या वाटेने स्टेशनपर्यंत सायकल, तिथून मेमू लोकल गाडीने पस्तीसेक किलोमीटर, आणंदला उतरल्यावर पुन्हा सायकल उघडून कचेरी. स्टेशनवर, कचेरीत, परतीच्या स्टेशनवर आणि रात्री घरी अशी दिवसातून चार वेळा सायकलीची घडी होते. काही वर्षांपूर्वी मूळचे ५६० मिलिमीटर रुंदीचे सरळ हँडल काढून मी ६४० मिलिमीटरचे, दोन्ही बाजूंनी थोडे उचललेले हँडल बसवले. रस्त्यावर ते फार सुखाचे वाटले. घडी केली की मात्र खालची मूठ चाकांच्या आधी फलाटाला टेकू लागली, सायकल एका बाजूला कलून उभी राहू लागली, आणि दोन्ही चाकांना एकत्र धरून ठेवणारे लोहचुंबक एकमेकांना पुरते भिडेनात. पाचव्या-सहाव्या दिवशी महीचा पूल ओलांडून गाडी वासदला थांबली, दारात चढणाऱ्यांची गर्दी झाली, कुणाचा तरी धक्का लागला आणि सायकल जागच्या जागी उलगडली. तिचे पेडल शेजारी बसलेल्या एका मावशींच्या नडगीवर आपटले. त्या काही बोलल्या नाहीत, आणंद येईपर्यंत पाय चोळत राहिल्या. त्या रात्रीच मी जुने हँडल परत चढवले आणि मोजमाप पहिल्यापासून करायला बसलो.

आधी हँडलच बदलायचे आहे ना?

हात दुखतात म्हणून हँडल बदलायचे असेल, तर पैसे खर्च करण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली सीट. तिचे नाक खाली झुकलेले असेल, तर शरीर सतत पुढे घसरते आणि तो भार तळहातांवर येतो. अशा वेळी कोणतेही हँडल लावले तरी हात दुखायचे थांबत नाहीत. सीट सपाट करून चार दिवस चालवून पाहावे. दुसरी गोष्ट हँडलच्या उभ्या दांड्याची. पुष्कळ घडीच्या सायकलींत हा दांडा दुर्बिणीच्या नळीसारखा वरखाली होतो, आणि दोन-तीन सेंटिमीटर उंची वाढवल्यानेच तक्रार मिटते. दांड्यावर कोरलेली मर्यादेची रेघ मात्र कधीही बाहेर दिसू देऊ नये.

एवढे करूनही त्रास राहिला, तर तो नेमका कुठे आहे हे लक्षात घ्यावे. करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील, तर तळहाताच्या बाहेरच्या कडेवर दाब येतो आहे. अशा वेळी मागे वळलेले हँडल किंवा तळहाताला रुंद आधार देणारी मूठ उपयोगी पडते. अंगठा आणि त्याच्या शेजारची बोटे मुंग्या आल्यासारखी होत असतील, तर मनगट वर मुडपलेले असण्याचा संभव अधिक. तिथे हँडलची उंची किंवा ब्रेक लिव्हरचा कोन बदलून पाहावा. खांदे आणि मान भरून येत असतील, तर हँडल फार रुंद आहे किंवा फार दूर आहे.

मिटलेल्या सायकलीवरचे मोजमाप

आता सायकल मिटवून सपाट फरशीवर ठेवावी. हँडलचा उभा दांडा कोणत्या बाजूला पडतो हे पाहावे. काही सायकलींत तो चौकटीच्या दोन अर्ध्यांच्या मध्ये जातो, काहींत बाहेरच्या बाजूला लटकतो. दांडा मध्ये जात असेल, तर हँडलला तिन्ही बाजूंनी अडथळे असतात: एका बाजूला पुढच्या चाकाचे आरे, दुसऱ्या बाजूला मागचे चाक, खाली जमीन. बाहेर पडत असेल, तर मोकळीक थोडी जास्त मिळते, पण हँडल जितके बाहेर येईल तितकी घडी जाड होते, आणि ती जाडी मोटारीच्या डिकीत किंवा गाडीच्या बाकाखाली आपल्याला भरून द्यावी लागते. दांड्याची बिजागरी बहुधा तिरकी बसवलेली असते, त्यामुळे दांडा खाली येता येता वळतो आणि आडवे हँडल चाकाच्या शेजारी येऊन विसावते. माझ्या सायकलीत त्याचे एक टोक वर राहते आणि दुसरे जमिनीकडे झुकते. नवे हँडल मूळच्यापेक्षा रुंद असेल, तर पहिली अडचण याच खालच्या टोकाची येते.

हे कागदावर आकडेमोड करून ठरवता येत नाही, कारण बिजागरीचा तिरकेपणा प्रत्येक सायकलीत निराळा असतो. म्हणून मी एक साधी युक्ती सुचवतो, आणि संपूर्ण लेखातला हा भाग वाचकांनी प्रत्यक्ष करून पाहावा असे मला मनापासून वाटते. हार्डवेअरच्या दुकानात पडदे टांगायचा २५ मिलिमीटर जाडीचा पाइप मिळतो. त्याचा ७०० मिलिमीटरचा तुकडा कापून घ्यावा आणि त्याच्या मध्यावर खूण करावी. सायकलीचे हँडल काढून, ब्रेक लिव्हर आणि तारा न सोडवता ते हलकेच बाजूला बांधून ठेवावे आणि त्या जागी हा पाइप क्लॅम्पमध्ये, म्हणजे दांड्यावर हँडल धरणाऱ्या पकडीत, बसवावा. पाइप किंचित सैल वाटल्यास कागदाचा एक वेढा द्यावा. क्लॅम्प हलक्या हाताने आवळावा. मग घडी करावी. पाइप जिथे टेकेल तिथे खूण करून दोन्ही बाजूंनी सारखाच, एकेक सेंटिमीटर कापत जावे आणि दर वेळी घडी करून पाहावी. चाके जमिनीला नीट टेकली, लोहचुंबक किंवा आकडा नेहमीसारखा बसला आणि पाइपाचे टोक जमिनीपासून सुटे राहिले, की त्या क्षणी पाइपाची जी लांबी असेल ती आपल्या घडीची कमाल मर्यादा. माझ्या सायकलीत ती ६१० मिलिमीटर निघाली. मुठींच्या टोपणांची जाडी आणि वापरात होणारी थोडीफार हालचाल धरून मी प्रत्येक बाजूला १५ मिलिमीटर सोडले आणि ५८० मिलिमीटरचे हँडल घेतले. ते आजही सायकलीवर आहे.

हा पाइप केवळ मोजण्यासाठी आहे. तो लावून गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा सायकल चालवू नये, कारण तो माणसाचा भार पेलण्यासाठी बनवलेला नसतो.

नुसत्या पाइपाने काम संपत नाही. खऱ्या हँडलवर ब्रेक लिव्हर, गिअरचा खटका आणि घंटी असते, आणि घडीत हीच मंडळी आऱ्यांत शिरतात. जाड पुठ्ठ्याची ब्रेक लिव्हरच्या मापाची दोन पाने कापून ती नेहमीच्या जागी चिकटपट्टीने पाइपाला लावावीत आणि पुन्हा घडी करावी. पुठ्ठा दुमडला, तर तिथे खरी लिव्हर वाकेल किंवा आरा वाकेल. वळणदार हँडल मनात असेल, तर पडद्याच्या पाइपाऐवजी वायरिंगचा २५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घ्यावा. इलेक्ट्रिशियनकडच्या स्प्रिंगने त्याला हवा तो वाक देता येतो. मागे वळलेली टोके घडीत आऱ्यांकडे जातात की बाहेर, उचललेले हँडल जमिनीच्या किती जवळ येते, हे या पाइपावर दहा मिनिटांत दिसते. दांडा दुर्बिणीसारखा असेल, तर प्रत्येक चाचणी दांडा रोज ज्या उंचीला आणून आपण घडी करतो त्याच उंचीला करावी.

क्लॅम्पचे माप

हँडल मध्यभागी जिथे दांड्याच्या क्लॅम्पमध्ये पकडले जाते तिथली जाडी जुळली नाही, तर बाकी सारे जुळूनही उपयोग नाही. घडीच्या सायकलींत सर्वांत जास्त आढळणारे माप २५.४ मिलिमीटर, म्हणजे बरोबर एक इंच. काही नव्या सायकलींत ते ३१.८ असते. व्हर्निअर कॅलिपर नसेल, तर शिवणाचा दोरा क्लॅम्पच्या अगदी शेजारी, जाड भागावर एकदा गुंडाळून त्याची लांबी मोजावी: सुमारे ८० मिलिमीटर आली तर माप २५.४, सुमारे १०० आली तर ३१.८. मुठींकडचा भाग सरळ प्रकारच्या हँडलांत २२.२ मिलिमीटर असतो आणि तिथे दोरा ७० च्या आसपास भरतो. क्लॅम्प मोठा आणि हँडल बारीक असेल, तर मधे घालायची धातूची गोल पट्टी मिळते आणि ती चालते. उलट दिशेने मात्र काही करता येत नाही, आणि क्लॅम्प कानशीने घासून मोठा करून देणाऱ्याचे ऐकू नये.

क्लॅम्प कसा उघडतो हेही पाहावे. समोरची पट्टी दोन किंवा चार बोल्टांनी सुटी होत असेल, तर कोणत्याही आकाराचे हँडल सहज बसते. काही सायकलींत मात्र क्लॅम्प म्हणजे एका बोल्टने आवळली जाणारी अखंड कडी असते, आणि हँडल तिच्यातून एका टोकाने ओवून मध्यापर्यंत न्यावे लागते. अशा कडीतून तीव्र वळणाचे हँडल पुढे सरकत नाही. आपल्या काळ्या सायकलींचे मागे वळलेले हँडल अनेकांना आवडते, मलाही आवडते, पण त्यात बऱ्याचदा दांडा आणि हँडल एकत्रच जोडलेले असते, त्यामुळे ते काढून घडीच्या सायकलीला लावता येत नाही. तसा आकार हवा असल्यास २५.४ मापाचे सुटे हँडलच शोधावे लागते.

आकार कोणता?

हातांना नैसर्गिक कोन कोणता, हे शोधायला दोन पेन्सिली पुरतात. एकेका मुठीत एकेक पेन्सिल धरून, डोळे मिटून, सायकलीवर बसल्यासारखे हात पुढे करावेत आणि खांदे सैल सोडावेत. डोळे उघडल्यावर पेन्सिली एका सरळ रेषेत क्वचितच दिसतात. घराच्या छपरासारख्या त्या दोन्ही बाजूंना किंचित खाली आणि मागे झुकलेल्या असतात. तो झुकाव म्हणजे आपल्याला लागणारा हँडलचा मागचा वाक. दोन मुठींच्या मध्यांतले अंतरही त्याच वेळी कुणाकडून तरी मोजून घ्यावे, कारण रुंदी ठरवताना तो आकडा कामी येतो. हाताचे अंतर आणि घडीची मर्यादा यांत भांडण झाले, तर मी घडीच्या बाजूने निर्णय देईन, आणि उरलेली तडजोड मागच्या वाकाने आणि उंचीने भरून काढीन.

सरळ हँडलांत ५ ते ९ अंशांचा वाक बहुतेक वेळा असतोच. घडीत ते सर्वांत कमी त्रास देते, स्वस्त मिळते आणि गरज पडल्यास कापता येते. रोज आठ-दहा किलोमीटरपर्यंत चालवणाऱ्याने आधी यातच समाधान शोधावे. उचललेले हँडल हात वर आणते. पण ज्याचा दांडा वरखाली होतो त्याला तीच उंची दांड्याने मिळते, त्यामुळे ते मुख्यतः स्थिर उंचीच्या दांड्यांसाठी उपयोगाचे. १५ ते ३० अंश मागे वळलेले हँडल पाठ सरळ ठेवून संथ चालवणाऱ्यांसाठी उत्तम आहे, आणि माझ्या मते शहरातल्या सायकलीला सर्वांत शोभते. मात्र मुठी मागे आल्याने उंच माणसाचे गुडघे वळताना त्यांना लागतात का, हे बसून, हँडल पूर्ण वळवून पाहिल्याशिवाय घेऊ नये. हात ठेवायला अनेक जागा देणारे फुलपाखरासारखे हँडल लांबच्या प्रवासाला फार सुखाचे असते, पण घडीत ते मोठ्या ताटासारखे बाहेर राहते.

शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले हँडल घडीच्या सायकलीला लावायची हौस अनेकांना असते. त्यांनी खर्च नीट मोजावा. त्या हँडलची मुठीकडची जाडी २३.८ मिलिमीटर असते, त्यामुळे आपले सध्याचे लिव्हर आणि खटके त्यावर बसत नाहीत. त्याला लागणारे ब्रेक लिव्हर तार कमी खेचतात, आणि घडीच्या सायकलींत सर्रास असणाऱ्या व्ही ब्रेकला (चाकाच्या कडेला दोन लांब हातांनी दाबणाऱ्या ब्रेकला) जास्त खेच लागते. दोन्ही तसेच जोडले तर ब्रेक पुरेसा लागत नाही. म्हणजे हँडलबरोबर लिव्हर, खटके आणि बहुधा ब्रेकही बदलावे लागतात, आणि एवढे करून घडी पूर्वीइतकी नेटकी होत नाही ती नाहीच.

घडीच्या सायकलींचे काही निर्माते हँडल आणि दांडा यांचा विचार एकत्र करतात, हे ध्यानात ठेवावे. लंडनच्या ब्रॉम्प्टन सायकलीत एम आणि एस या नावांनी ओळखले जाणारे निराळे हँडल-प्रकार आहेत. एस प्रकारात हँडल सपाट आणि दांडा उंच, एम प्रकारात हँडल उचललेले आणि दांडा त्यामानाने ठेंगणा. एकाचे नुसते हँडल दुसऱ्याच्या दांड्यावर चढवले, तर हातांची उंची भलतीच होते आणि तारांची लांबीही जुळत नाही. १९८२ साली डेव्हिड हॉन यांनी सुरू केलेल्या डाहॉनच्या किंवा त्याच घराण्यातल्या पुढच्या पिढीने २०११ साली काढलेल्या टर्नच्या अनेक सायकलींत दांड्याची उंची बदलता येते, त्यामुळे तिथे थोडी मोकळीक मिळते. आपली सायकल कोणत्या प्रकारात मोडते हे आधी ओळखावे.

रुंदी आणि दांड्यावरचा ताण

लहान चाकांची सायकल वळणाला चटकन प्रतिसाद देते. हँडल फार अरुंद केले, तर तिचा हा स्वभाव अंगावर येतो आणि एक हात सोडून वळणाची खूण करताना सायकल डगमगते. म्हणून हँडल कापून ४८०-५०० मिलिमीटरवर आणण्याचा मोह टाळावा. दुसऱ्या टोकालाही मर्यादा आहे. साध्या सायकलीत हँडल आणि चौकट यांच्यात हातभर दांडा नसतो. घडीच्या सायकलीत तो असतो आणि त्याच्या बुडाशी बिजागरी असते. उभे राहून पेडल मारताना आपण हँडलचे एक टोक वर ओढतो, तेव्हा तो सगळा पिळा त्या बिजागरीवर जातो. ५६० मिलिमीटरच्या हँडलचे टोक मध्यापासून २८० मिलिमीटरवर असते, ६८० च्या हँडलचे ३४० वर. तेवढ्याच जोराने ओढले तरी बिजागरीवरचा ताण सुमारे एक पंचमांशाने वाढतो. हँडलच्या टोकांना लावायची शिंगे तर ओढण्यासाठीच असतात, म्हणून ती घडीच्या सायकलीला लावू नयेत.

धातूंपैकी अॅल्युमिनियम योग्य. पोलाद मजबूत असते, पण पावसाळ्यात मुठीच्या आतून गंजते आणि गंज बाहेरून दिसत नाही. कार्बनचे हँडल मी या सायकलीसाठी कोणालाही सुचवणार नाही, कारण रोज घडी होणारे हँडल रोज कुठे ना कुठे आपटते, आणि कार्बनला आतून गेलेला तडा डोळ्यांना दिसतोच असे नाही.

लिव्हर, खटके आणि तारा

हँडलची एकूण रुंदी पाहताना मुठींकडचा सरळ भाग किती लांब आहे हे पाहायला माणूस विसरतो. साधी मूठ सुमारे १३० मिलिमीटर घेते, त्यानंतर ब्रेक लिव्हरची कडी, त्यानंतर गिअरचा खटका. म्हणून प्रत्येक बाजूला १८० ते २०० मिलिमीटर सरळ भाग हवा. मूठ फिरवून गिअर बदलण्याची सोय असेल, तर त्या बाजूला आखूड मूठ लागते, पण सरळ भाग तेवढाच लागतो. वाकाच्या सुरुवातीला लिव्हर बसवून जोराने आवळले, तर कडी धरत नाही आणि ऐन वेळी फिरते.

तारांची लांबी घडीसह तपासावी. नवे हँडल उंच किंवा रुंद असेल, तर उभ्या सायकलीवर पुरणारी तार घडीत ताणली जाऊ शकते. घडी करून, मग उघडून, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. त्या वेळी ब्रेक आपोआप आवळला गेला किंवा गिअर उडी मारू लागला, तर तार आणि तिचे कव्हर दोन्ही लांब हवीत. कव्हर बदलताना एक गोष्ट दुकानदाराला ठासून सांगावी: ब्रेकच्या तारेला ब्रेकचेच कव्हर लावायचे. गिअरच्या कव्हरात पोलादी तारा लांबीच्या दिशेने बसवलेल्या असतात आणि जोराचा ब्रेक दाबल्यावर ते फुटू शकते.

कापणे आणि बसवणे

नेमक्या रुंदीचे हँडल बाजारात मिळेलच असे नाही. अशा वेळी थोडे रुंद, सरळ, अॅल्युमिनियमचे हँडल घेऊन दोन्ही टोकांकडून सारखेच कापावे. करवतीचे पाते सरळ राहावे म्हणून कापायच्या जागी जुनी कडी आवळावी आणि तिच्या कडेने कापावे. कापलेली कड कानशीने आतून-बाहेरून गुळगुळीत करावी, नाहीतर मूठ आतून चिरते.

हँडल बसवताना ते आणि क्लॅम्पची आतली बाजू कोरड्या फडक्याने पुसून घ्यावी. तिथे ग्रीस लावू नये. चार बोल्टांची पट्टी असेल, तर बोल्ट आळीपाळीने, तिरपे, थोडे थोडे आवळावेत आणि पट्टीच्या वरच्या व खालच्या फटी सारख्या राहतील असे पाहावे. किती आवळायचे याचा आकडा क्लॅम्पवर छापलेला असतो, लहान बोल्टांना तो सहसा ५ ते ६ न्यूटन-मीटर असतो. टॉर्क पाना (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) नसेल, तर जिथे तो असेल अशा दुकानात शेवटचे आवळणे करून घ्यावे. मग पुढचे चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळून पाहावे आणि दोन्ही ब्रेक लिव्हरांच्या बुडाशी हात ठेवून अंगाचा भार टाकून पाहावे. हँडल तसूभरही फिरता कामा नये. योग्य कोन सापडला की क्लॅम्पच्या कडेला पक्क्या शाईने बारीक रेघ ओढावी. काही सायकलींत घडीसाठी हँडल खटका सोडून फिरवावे लागते, आणि तिथे या रेघेवाचून रोज कोन शोधत बसावे लागेल.

मुठींबद्दल थोडक्यात सांगतो. बडोद्यात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि उन्हात उभ्या सायकलीच्या स्पंजाच्या मुठी एका उन्हाळ्यात भुगा होतात. रबराच्या, धातूच्या कडीने आवळायच्या मुठी घ्याव्यात. टोकाचे टोपण कधीही उघडे ठेवू नये, कारण पडल्यावर उघडी नळी अंगात घुसते. घडीत खालचे टोक सतत घासत असल्याने त्या बाजूचे टोपण आधी झिजते, म्हणून महिन्यातून एकदा तेवढे पाहून घ्यावे.

पहिल्या फेरीसाठी मी अलकापुरीच्या गरनाळ्याचा, म्हणजे रेल्वेखालून जाणाऱ्या रस्त्याचा, चढ निवडतो. उतरताना ब्रेक, चढताना उभे राहून मारलेली पेडले, आणि त्यात हँडलवर पडणारा पिळा, हे सारे तिथे थोड्या अंतरात मिळते. दांड्यातून कट् असा आवाज आला, तर तिथेच उतरून बिजागरीचा खटका आणि क्लॅम्प तपासावा. आवाज नवा असेल आणि आवळूनही जात नसेल, तर सायकल चालवत न आणता हाताने ढकलत घरी आणावी. पहिल्या आठवड्यानंतर सर्व बोल्ट पुन्हा एकदा पाहावेत.

आगगाडीत मात्र नवे हँडल पहिल्यांदा घेऊन जाताना दुपारची रिकामी मेमू पकडावी. घडी दाराजवळ न ठेवता बाकाच्या टोकाशी ठेवावी, एक कापडी पट्टा चाकांभोवती आवळावा, आणि वासद जाईपर्यंत हात तिच्यावर असू द्यावा.